लांबीखालचं पाणी

प्रश्न : माझ्याकडे २००७ सालची पिकअप आहे. चैत्र-वैशाखात हापूसच्या पेट्या वाशीला नेतो, एरवी मासळी आणि बर्फ. इंजिन ठणठणीत आहे, पण केबिन सडत चालली आहे. दरवाजांच्या खालच्या कडा, पायदानाचा पत्रा, ड्रायव्हरच्या पायाखालचं फ्लोअर आणि केबिनचे मागचे खालचे दोन्ही कोपरे गेले आहेत. दोन वर्षांमागे गॅरेजमध्ये सगळं घासून, लांबी भरून, रंग मारून घेतला होता. पावसाळा सरता सरता नेमक्या त्याच जागी फुगे आले. आता वेल्डिंगवाला म्हणतो, वरून नवा पत्रा ठोकू. पेंटर म्हणतो, त्याची काही गरज नाही, पुन्हा लांबी भरू. मी गाडी रोज धुतो, तरी ही गत. आणि एक कुतूहल : गंज कायम त्याच चार जागी का येतो, टपावर का येत नाही?
— एक वाचक, देवगड

उत्तर : टपापासून सुरुवात करू. पाऊस खरं तर टपावरच सगळ्यात जास्त पडतो. पण तिथलं पाणी वाहून जातं आणि ऊन पडलं की राहिलेलं वाळतं. तुम्ही लिहिलेल्या चारही जागी पाणी येतं आणि मुक्काम करतं. दरवाजा म्हणजे दोन पत्र्यांमधली पोकळी. काचेच्या रबराशेजारून पाणी आत उतरतं, आणि ते उतरणार हे गाडी बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं किंवा खाचा ठेवलेल्या असतात. त्यांत जांभ्याची लाल धूळ आणि आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याचे तुकडे बसले की भोकं बुजतात. मग दरवाजाच्या तळाशी ओला चिखल साठतो आणि तो दिवाळीपर्यंत ओलाच असतो. पायदानाची पेटी पोकळ असते, तिचंही हेच. फ्लोअरवर रबरी मॅट असते. तिच्याखाली समोरच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी येतं आणि बंदरावरून ओल्या पायांनी चढणाऱ्या ड्रायव्हरच्या चपलेचंही. मागच्या कोपऱ्यांना तर दुहेरी मार आहे. खालून चाकं चिखल उडवतात. वरून, घाट उतरताना हौद्यातलं वितळलेल्या बर्फाचं पाणी पुढे धावतं आणि हौदा व केबिन यांच्या फटीत सांडतं.

हे पाणी साधं नाही, खारं आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं हे आपण घरोघर पाहतो. शुद्ध मीठ हवेत साधारण ७५ टक्के आर्द्रता झाली की ओलावा ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या पाण्यात मात्र मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, आणि ते अवघ्या ३३ टक्क्यांच्या आसपासच हवेतलं पाणी ओढू लागतं. म्हणजे तुमच्याकडे डिसेंबरातल्या कोरड्या दुपारीही मासळीच्या पाण्याचा थर पूर्ण वाळत नाही. पत्रा वर्षाचे बाराही महिने ओला. शिवाय खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंज चढणं ही विजेचीच क्रिया आहे. अमेरिकेत मिशिगन-ओहायोकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. तिथल्या जुन्या पिकअपच्या केबिनही याच जागी सडतात : पायदानाची पेटी, मागचे कोपरे, फ्लोअर. समुद्र तिथून शेकडो कोस दूर, पण मीठ तेच.

आता ‘त्याच जागी का’ याचा दुसरा भाग. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक साधा प्रयोग केला होता, तो तुम्ही घरी करू शकता. लोखंडाचा तुकडा पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि त्यावर खाऱ्या पाण्याचा एक मोठा थेंब ठेवा. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, मधोमध कमी. आपली समजूत अशी की जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. होतं उलटं. लोखंड झिजतं ते मध्यभागी, जिथे प्राणवायू कमी आहे. आणि लाल गंज जमतो तो मध्य आणि कड यांच्यामध्ये वर्तुळासारखा. दोन पत्रे एकमेकांवर जिथे दुमडलेले असतात त्या फटीत, चिखलाखाली, उडालेल्या रंगाच्या कडेखाली नेमकी हीच स्थिती असते. म्हणून पत्रा आधी आतून, आडून, नजरेआड खाल्ला जातो. बाहेर फुगा दिसतो तेव्हा आतलं काम बहुधा संपलेलं असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो वरचा रंग उचलतो. किनाऱ्यालगतच्या घरांच्या स्लॅबमधल्या सळ्या फुगून खालचं सिमेंट पडतं, तेही याच कारणाने.

तुमची पहिली दुरुस्ती का फसली हे आता सांगता येईल. बाहेरून घासलं, आतला गंज तसाच राहिला. वर लांबी भरली. लांबी म्हणजे पॉलिस्टरची राळ आणि त्यात शंखजिऱ्याची पूड; हार्डनर घातला की ती दगडासारखी घट्ट होते, पण तिच्यात बारीक छिद्रं राहतात आणि ती ओलावा शोषते. शिवाय आपल्याकडे बहुतेक गॅरेजमध्ये लांबी पाणी मारून, वॉटर पेपरने घासतात, कारण धूळ उडत नाही आणि हात भराभर चालतो. म्हणजे रंगाचं झाकण लावण्याआधीच आपण तिला पाणी पाजतो. पोटात पाणी, खाली उघडा किंवा गंजका पत्रा, वर चकचकीत रंग. एक पावसाळा निघाला हेच नवल म्हणायचं. लांबी कोरडीच घासावी. पाणी लावून घासायचं ते पुढे सरफेसर आणि रंगाच्या वेळी.

तरीही मी लांबीला खलनायक ठरवणार नाही. निरोगी पत्र्यावरची ठोक किंवा वेल्डिंगची उंचसखल जागा सपाट करायला तिच्यासारखं काही नाही, पण ती दोन-तीन मिलिमीटरच्या आत असावी. भोक बुजवणं हे तिचं काम नव्हे.

वेल्डिंगवाला आणि पेंटर यांच्यात न्याय करायचा तर दोघेही अर्धे चूक आहेत. पेंटरबद्दल वर लिहिलंच. वेल्डिंगवाल्याची ‘वरून पत्रा’ ही सूचना ऐकायला भक्कम वाटते, पण सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठोकला की दोघांमध्ये एक नवी, हवा न लागणारी फट तयार होते. इव्हान्सचा थेंब आपणच पत्र्याचं घर बांधून आत ठेवला, असं होतं. जुना पत्रा नव्यालाही खातो. सडलेलं आधी कापून काढलंच पाहिजे.

किती कापायचं हे कळायला आधी केबिन रिकामी करावी लागते. सीट, मॅट, तिच्याखालचं ओलं फोम किंवा किलतान, दरवाजांची आतली पॅड सगळं बाहेर. या पायरीला लोक कंटाळतात आणि इथेच पैसे वाया जातात. मग एक लहान हातोडी घेऊन पत्रा वाजवत जा. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. शंकेच्या जागी जुना स्क्रू ड्रायव्हर दाबा. आरपार गेला तर वाईट वाटून घेऊ नका, तो आज ना उद्या जाणारच होता. जुन्या लांबीचा पत्ता लावायला साधं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे ते ढिलं चिकटतं किंवा गळून पडतं तिथे लांबीचा जाड थर आहे. जुनी गाडी विकत घेताना ही चुंबकाची तपासणी एवढी सोपी असून फारसं कुणी करत नाही, याचं मला कायम आश्चर्य वाटतं.

तपासणीनंतर तीन प्रकार हाती लागतील. वरवरचा तांबूस गंज : तारेच्या ब्रशने किंवा फ्लॅप डिस्कने चकचकीत धातूपर्यंत घासून तो निघतो. खड्डे पडलेला पत्रा : आत धातू शिल्लक आहे, पण खड्ड्यांच्या तळाशी गंज रुतलेला आहे. इथे फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक कामाला येतं. ते उरलेल्या गंजाचं लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करतं. काही द्रावणांत टॅनिन असतं आणि त्याने पत्रा काळा पडतो. हिरड्याच्या पाण्यात लोखंड टाकून काळी शाई करायची जुनी रीत होती, तेच रसायन. पण ही द्रावणं पातळ गंजावर चालतात; पोपडे सुटलेल्या जाड गंजावर वरून ओतली तर वरचा थर काळा होतो आणि खालचा आपलं काम चालू ठेवतो. आम्ल लावल्यावर डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन पत्रा पूर्ण वाळवायचा. आम्लाचा अंश राहिला तर वरचं इपॉक्सी प्रायमर धरत नाही. तिसरा प्रकार आरपार गेलेला. त्याला कटिंग व्हील हेच औषध.

दरवाजांचा विचार थोडा वेगळा. दरवाजा स्वतंत्र भाग आहे, चार बोल्ट काढले की निघतो. खालची कड आणि आतली चौकट दोन्ही सडली असतील तर ठिगळं मारण्यापेक्षा जुना दरवाजा मिळवणं शहाणपणाचं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात असे दरवाजे मिळतात. पण किनाऱ्यावरच्याच गाडीचा दरवाजा आणलात तर आपलंच दुखणं पैसे मोजून घरी आणाल. सोलापूर, बीड, जालन्याकडच्या कोरड्या हवेत फिरलेल्या गाडीचा मिळाला तर उत्तम. अमेरिकेतले जुन्या पिकअपचे हौशी लोक याच हिशेबाने ॲरिझोनाच्या वाळवंटातून केबिन मागवतात. कुठलाही घ्या, रंग पाहू नका. दरवाजा उलटा करून खालची दुमड बोटाने चाचपा.

पायदान, फ्लोअर आणि कोपरे मात्र केबिनचेच अवयव. तिथे कापून जोडणं आलं. दिसणाऱ्या भोकाच्या पलीकडे, चकचकीत आणि पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत कापा. बहुतेक वेळा भोक रुपयाएवढं आणि कापणं हातपंजाएवढं होतं. इथे मन घट्ट करावं लागतं. पातळ झालेल्या कडेवर वेल्डिंग टिकत नाही, पत्रा जळून भोक वाढत जातं. पुठ्ठ्याचा साचा कापून जागेवर बसवून पाहा, मग त्यावरून पत्रा कापा. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा. टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो आणि पुढे तिथूनच चीर जाते. पत्रा मूळ पत्र्याच्या जाडीचा घ्या. केबिनला साधारण २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा सीआर पत्रा बहुतेक ठिकाणी जुळतो, तरी आपल्या गाडीच्या निरोगी जागी जाडी मोजून घ्यावी. ‘मजबुतीसाठी’ दुप्पट जाड पत्रा लावायचा मोह अनेकांना होतो. जाड आणि पातळ यांचा सांधा नीट वितळत नाही, आणि कच्च्या रस्त्यावर केबिन हलते तेव्हा सगळा ताण त्या सांध्यावर येतो.

जीआय पत्रा लावावा का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण वेल्डिंगवाला सुचवीलच. जस्ताचा थर लोखंडाआधी स्वतः झिजतो आणि लोखंड वाचवतो, हे खरं. मात्र जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पोलाद वितळायला १५०० अंशांच्या जवळपास जावं लागतं. म्हणजे सांध्यापाशी, जिथे संरक्षण सगळ्यात हवं, तिथलंच जस्त वाफ होऊन उडून जातं. त्या पांढऱ्या धुराने वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध पिऊन त्यावर उतारा पडत नाही. मोकळी हवा आणि योग्य मास्क लागतो. जीआय वापरायचाच तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचं इंचभर जस्त आधी घासून काढा.

वेल्डिंग सीओटूचं करून घ्या. काडीच्या साध्या वेल्डिंगने इतका पातळ पत्रा जळतो. गॅस वेल्डिंग कसबी हातात सुंदर होतं, जुन्या टिंकरांनी आयुष्यभर त्यावरच काम केलं, पण ज्योतीची आच दूरवर पसरते आणि सपाट पत्रा पापडासारखा वाकतो. सीओटूनेही एका दमात रेघ ओढायची नाही. एक टॅक इकडे, एक तिकडे, मधे थंड होऊ द्यायचं, मग टॅकच्या मधले टॅक, असं करत सांधा पूर्ण करायचा. यात वेळ जातो आणि ठेक्यावर काम घेतलेला कारागीर घाई करतो. म्हणून ठेका आधीच असा ठरवा की त्याला घाई करावी लागणार नाही. जोडायचा तर कडेला कड लावून. एकावर एक चढवून जोडणं सोपं पडतं, आणि फ्लोअरला ते चालूनही जातं, पण मग खालची-वरची दोन्ही दुमड सीलंटने बंद करावी लागते.

पायदानाच्या पेटीत एक आतला पत्राही असतो. बाहेरचा नवा लावून आतला तसाच सोडला तर काम दिसायला झकास होतं आणि आतून पूर्वीसारखंच सडत राहतं. आतला आधी. आणि एका वेळी एकच बाजू उघडा, दरवाजे जागेवर लावून फटी तपासत. दोन्ही बाजूंची पायदानं एकदम कापली तर दाराची चौकट हलते, मग दार कधीच नीट बसत नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढा, गाडीत इलेक्ट्रॉनिक युनिट असेल तर तेही सोडवा, जवळची वायरिंग आणि डिझेलची नळी बाजूला करा. फ्लोअरखाली ठिणगी कुठे पडते ते वर बसलेल्याला दिसत नाही. पाण्याची बादली घेऊन एक माणूस खाली हवाच.

एका जागेबद्दल तडजोड नको. सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात तो पत्रा, आणि चेसिसवर केबिन ज्या रबरी बुशांवर टेकलेली असते त्यांच्या वरचा पत्रा. अपघातात माणसाचं वजन पहिल्या जागी येतं आणि केबिनचं दुसऱ्या. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत सीटबेल्टच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आतला आधाराचा पत्रा गंजाने कमकुवत झालेला दिसला तर गाडी नापास होते, आणि तिथे लांबी किंवा फायबरने केलेली मलमपट्टी चालत नाही. आपल्याकडे आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस घ्यावं लागतं. ते मिळालं म्हणून पत्रा चांगला आहे असं समजू नका. चेसिस नंबरच्या जवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग अजिबात नेऊ नका. रंग बदलायचा विचार असेल तर आरसी बुकात तो नोंदलेला असतो हेही लक्षात ठेवा.

रंगकाम मी चटकन उरकतो, कारण पेंटरला ते येतं. फक्त क्रम बदलायला सांगा. उघड्या पत्र्यावर आधी दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलंट, मग गरज असेल तिथे पातळ लांबी, मग सरफेसर, मग रंग. इपॉक्सीच्या वर लांबी, खाली नव्हे. आणि हे सगळं मार्गशीर्ष ते माघ या दिवसांत. दमट हवेत एनसी रंगावर पांढुरकी साय येते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर घाईत केलेल्या कामाखाली दमट हवाच कोंडली जाते. आंब्याच्या हंगामाआधी गाडी तयार हवी, तर दिवाळीनंतर लगेच सुरू करा.

रोजच्या धुण्याबद्दल. तुम्ही धुता ते बाहेरून आणि बहुधा जोराच्या फवाऱ्याने. त्याने चकाकी येते, पण खारं पाणी फटींत आणखी आत जातं. खेपेनंतर हौद्याचा पुढचा भाग, केबिनची मागची फट आणि चाकांवरचे कोनाडे गोड्या पाण्याने सावकाश, भरपूर धुवा. महिन्यातून एकदा दरवाजाच्या तळाची आणि पायदानाची भोकं तारेने मोकळी करा, आतून पाणी सोडा, आणि मग दोन्ही दारं उघडी टाकून, मॅट काढून गाडी उन्हात ठेवा. हौद्याच्या पुढच्या फळीखाली एक पन्हळ लावून बर्फाचं पाणी केबिनपासून दूर, बाजूला काढता आलं तर तुमच्या मागच्या कोपऱ्यांचं आयुष्य वाढेल. माझ्या मते या अख्ख्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचा खर्च हा पन्हळीचा आहे.

प्रश्न : लोखंडावर लावतात ते लाल रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइडच ना? मग गंज येऊ नये म्हणून गंजच लावतात, हे कसं?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : शंका रास्त आहे. रेड ऑक्साइडमधला लाल रंग हा लोहाचा ऑक्साइडच, अंगण सारवायला वापरतात त्या गेरूतला लालपणाही त्याचाच. गंज हा त्याचा पाणी बांधून ठेवलेला, सैल, भुसभुशीत भाऊबंद. पण लोखंडाचं प्राणवायूशी जे काही व्हायचं ते या पुडीत झालेलंच आहे. ती आणखी गंजू शकत नाही, स्वस्त आहे, उन्हात विटत नाही आणि राळेत मिसळली की रंगाला अंग देते. अडवण्याचं काम राळ करते. तो रंग म्हणजे औषध नव्हे.

खरं औषधी लाल प्रायमर वेगळं होतं : शेंदूर. देवाला लावतात तो शेंदूर म्हणजे परंपरेने शिशाचा ऑक्साइड. जवसाच्या तेलात खललेला शेंदूर लोखंडी पुलांना आणि जहाजांना दीर्घकाळ लावला गेला, आणि तो पत्र्याशी रासायनिक क्रिया करून गंजाला खरोखर रोखतो. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३७ मध्ये खुला झाला तेव्हा त्यालाही शिशाचंच प्रायमर होतं. शिसं विषारी, म्हणून ते मागे पडलं, आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या प्रायमरांनी लाल रंग मात्र ठेवला. आज ज्या प्रायमरमध्ये झिंक फॉस्फेट असतं ते गंज रोखतं. डब्यावर तसं लिहिलेलं आहे का ते पाहा. नुसतं लाल दिसलं म्हणून भरवसा ठेवू नये. साध्या रेड ऑक्साइडचा एक हात मारून ग्रिल आठवडाभर पावसात ठेवली की तिच्यावर तांबूस ठिपके येतात, ते या कारणाने. जुन्या पुलाचे किंवा बोटीचे भगवट थर घासायची वेळ आली तर ते शिशाचे असू शकतात हे धरून चाला : मास्क लावा, ओलं करून घासा, आणि ती धूळ अंगणात पडू देऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे जीपच्या खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. गंज लागत नाही असं वडीलधारे सांगतात. खरं का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : वडीलधारे अगदीच चूक नाहीत. तेलाचा थर पाणी आणि हवा दूर ठेवतो, आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूने जेवढं होईल तेवढं ते होतं. पण इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये जळण्यातून आलेली आम्लं असतात, तेल पातळ असल्याने पहिल्या पावसात निघून शेतात-विहिरीत जातं, धूळ धरून ठेवतं, आणि केबिनच्या बुशांचं व सायलेन्सरच्या हँगरचं रबर फुगवून सैल करतं. पुढे कधी खालून वेल्डिंग करायची वेळ आली तर आग लागायला तेवढं निमित्त पुरतं.

पोकळ्यांसाठी बाजारात मेणाचं द्रावण मिळतं. लांब लवचीक नळीने ते दरवाजात, पायदानात, केबिनच्या कोपऱ्यात फवारतात. ते फटींत शिरतं, मग घट्ट होतं आणि तिथेच राहतं. कोरड्या, धुतलेल्या पोकळीतच मारायचं, ओल्या चिखलावर नाही. खालच्या उघड्या भागाला चढवतात ते डांबरासारखं जाड काळं कोटिंग मला तितकंसं आवडत नाही : गंजलेल्या पत्र्यावर मारलं की त्याला चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं आणि बाहेरून काही दिसतच नाही. मेण मारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दरवाजाच्या तळाची भोकं एकदा तारेने उघडून घ्या, कारण बऱ्याचदा ती त्या मेणानेच बुजतात.